घरच्या गॅरेजात हॉट रॉड : १९३० ची मॉडेल ए, फ्लॅटहेड व्ही-८ आणि जुने भाग

लोहारकी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. जुन्या गाड्यांच्या धाग्यावर मी आमच्या गॅरेजमधल्या फोर्डचा उल्लेख केला आणि एवढे प्रश्न आले की मूळ विषय बाजूला पडला. म्हणून हा वेगळा धागा.

मी डेट्रॉइटच्या उपनगरात राहतो. गाडी १९३० ची फोर्ड मॉडेल ए कूपे. ताब्यात आली तेव्हा बॉडीचा पत्रा, दोन दारं, छताची कुजलेली लाकडी चौकट आणि जुन्या ब्रेक-स्टिअरिंगसकट फ्रेम इतकंच होतं. इंजिन, गिअरबॉक्स, मडगार्ड, सीट, काचा सगळं कुणीतरी कधीच काढून नेलेलं. त्यातून मला बांधायची आहे ती पारंपरिक हॉट रॉड, म्हणजे १९५० च्या आसपास एखाद्या विशीतल्या पोराने भंगारात मिळणाऱ्या फोर्डच्या भागांतून, घरामागच्या शेडमध्ये बांधली असती तशी गाडी. वरून जुना पत्रा आणि आतून आधुनिक इंजिन, ऑटोमॅटिक गिअर, एसी अशाही गाड्या इथे खूप होतात. बांधणाऱ्यांचं कसब मोठं असतं, पण माझा जीव त्यात नाही. त्या पोरांपुढे जे प्रश्न होते ते मला त्यांच्याच भागांनी सोडवायचे आहेत.

हे घरी शक्य होतं ते हेन्री फोर्डच्या एका हट्टामुळे. १९०८ च्या मॉडेल टीपासून थेट १९४८ च्या गाड्यांपर्यंत फोर्डने पुढे एक आणि मागे एक असा आडवाच पाटा (स्प्रिंग) ठेवला. बाकीचे कारखानदार केव्हाच पुढे गेले, फोर्ड हटला नाही. प्रोपेलर शाफ्टही तसाच, बंद नळीतला. त्यामुळे वीस वर्षांच्या अंतराने बनलेले भाग एकमेकांशी जुळतात. मॉडेल एच्या फ्रेमखाली १९४० चे ब्रेक, १९३९ चा गिअरबॉक्स, पुढे १९३२ ची ग्रिल, हे सगळं थोडी कापाकापी करून आणि चार ब्रॅकेट स्वतः बनवून बसतं. हॉट रॉडचा सुरुवातीचा इतिहास मुख्यतः फोर्डभोवती फिरतो तो म्हणून.

दुसरं कारण इंजिन. ३१ मार्च १९३२ ला, ऐन मंदीत, फोर्डने स्वस्त गाडीत व्ही-८, म्हणजे व्ही आकारात आठ सिलिंडरांचं इंजिन आणलं. त्याचं हेड सपाट, म्हणून नाव फ्लॅटहेड. २२१ घनइंच, ६५ अश्वशक्ती. आधीच्या मॉडेल एला चार सिलिंडर आणि ४० अश्वशक्ती. आठही सिलिंडर आणि क्रँककेस एकाच ओतकामात काढले म्हणून ते त्या किमतीत बसलं. काही वर्षांतच या गाड्या ठोकल्या जाऊन भंगारात येऊ लागल्या आणि त्यांची इंजिनं पोरांच्या हाती लागली. मडगार्ड काढा, बॉनेट काढा, वजन उतरवा आणि हलक्या जुन्या बॉडीत व्ही-८ टाका, एवढं साधं सूत्र.

माझ्याकडे जमलेला माल असा: १९५१ च्या फोर्ड एफ-१ पिकअपचं २३९ घनइंची फ्लॅटहेड, त्याच पिकअपची ओतीव बेलहाउसिंग (तिच्यामुळे नंतरच्या इंजिनाला जुना गिअरबॉक्स जोडता येतो), १९३९ चा तीन गिअरचा बॉक्स, १९४० चं मागचं डिफरन्शियल आणि चारही हायड्रॉलिक ब्रेक, एफ-१ चंच स्टिअरिंग बॉक्स. टॉर्क ट्यूब (वर म्हटलेली बंद नळी) आणि आतला शाफ्ट मॉडेल एच्या १०३.५ इंची व्हीलबेसला, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतराला, लांब पडतो, तो कापून आखूड करायचा आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण तिच्यावरून वाद होतोच. पूर्ण, चालू किंवा चालू होण्याजोगी मूळ गाडी मी कापणार नाही आणि कुणाला कापू द्या म्हणणार नाही. मी हात लावतो तो सांगाड्यांना.

दक्षिणमुंबईकर

लेख आवडला, तरीही मनापासून असहमत आहे. फोर्डने मुंबईत १९२६ साली कंपनी काढली आणि मॉडेल ए इथे जुळवून विकल्या गेल्या. त्यातल्या एका गाडीचं काम मी करतोय. तिच्या मूळ डॅशबोर्डचा एक दिवा मिळवण्यासाठी चोर बाजारापासून कोइमतूरपर्यंत माणसं धुंडाळली आहेत. तुमच्या अमेरिकेत मॉडेल एचा जवळजवळ प्रत्येक भाग आजही नवा बनवून मिळतो. मग सांगाडा असला तरी तो मूळ रूपात का उभा करू नये? व्ही-८ टाकलं, टॉर्क ट्यूब कापली, फ्रेमला वेल्डिंग केलं की ती गाडी परत कधीच मॉडेल ए होणार नाही. पुढच्या पिढीला आपण काय देतोय, हा विचार व्हायला हवा.

लोहारकी (धागाकर्ता)

दमुंकाका, तुम्ही मुंबईत जे करताय त्याबद्दल मला आदर आहे आणि मी तिथे असतो तर तेच केलं असतं. जिथे शंभर गाड्या उरल्यात तिथला एकेक नट जपायला हवा. इथलं गणित वेगळं आहे. मॉडेल ए १९२८ ते १९३१ या चार वर्षांत ४८ लाखांच्या आसपास बनल्या. पूर्ण, सुंदर, मूळ स्वरूपातल्या गाड्या आजही भरपूर आहेत. डिअरबॉर्नला ग्रीनफील्ड व्हिलेज या खुल्या संग्रहालयात दर सप्टेंबरला जुन्या गाड्यांचा उत्सव भरतो, त्यात फक्त १९३२ पर्यंतची वाहनं असतात. तिथे मॉडेल एच्या रांगा लागतात.

माझ्या सांगाड्यावर नवे बनवलेले मडगार्ड, नवं सीट, नव्या काचा आणि दुसऱ्या गाडीचं इंजिन बसवलं तर त्यात मूळ काय उरलं असतं? पत्रा. तो तर मी ठेवतोच आहे. छत कापून बुटकं करायचा मोहही आवरला आहे. मला न लागणारे भाग, म्हणजे यांत्रिक ब्रेकच्या कांड्या, काउलमधली (समोरच्या काचेखालच्या भागातली) पेट्रोल टाकी, स्टिअरिंग, हे सगळं इथल्या मूळ गाड्या जपणाऱ्या एका आजोबांना दिलं. त्यांच्या गाडीत ते लागलं.

पुढच्या पिढीचा मुद्दा मात्र मला दोन्हीकडून दिसतो. १९३० साली कारखान्याने काय केलं हा इतिहास आहे, तसाच १९४८ साली पोरांनी त्याचं काय केलं हाही आता पाऊणशे वर्षांचा इतिहास आहे. युद्धावरून परतलेल्या मुलांनी विमानदळात शिकलेलं फिटिंग, वेल्डिंग, पत्राकाम घरच्या गाडीवर वापरलं. त्यांच्या हातच्या गाड्यांपैकी फार थोड्या उरल्या, कारण त्या तेव्हा कुणी जपण्यासारख्या मानल्याच नाहीत.

वाळवंटी

मी कॅलिफोर्नियात लँकेस्टरला असतो. इथल्या कोरड्या तळ्यांवरच हे सगळं जन्माला आलं. म्युरॉक नावाचं तळं सर्वांत प्रसिद्ध, ते आता एडवर्ड्स हवाईतळाच्या हद्दीत गेलंय. साउदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन १९३७ मध्ये स्थापन झाली, कारण तोवर पोरं एकाच वेळी ओळीने गाड्या सोडायची आणि धुळीत जीव जायचे. वेळ मोजून एकेक गाडी सोडायची शिस्त तिथून आली. १९४९ पासून युटामधल्या बॉनव्हिलच्या मिठागरावरही शर्यती सुरू झाल्या.

एल मिराज तळ्यावर ही संस्था आजही शर्यती घेते. मी गेलो होतो तेव्हा १९३२ च्या बॉडीची, मडगार्ड नसलेली एक रोडस्टर (उघड्या छताची गाडी) होती, वर ओळीने तीन स्ट्रॉमबर्ग कार्ब्युरेटर. मालक सत्तरीचे. मागून पिकअपने ढकलून गाडी सुरू केली, कारण वजन नको म्हणून स्टार्टरच ठेवलेला नाही. गाडी १.३ मैल धावते आणि शेवटी वेग मोजला जातो. त्यानंतर धूळ बसेपर्यंत पुढची गाडी सोडत नाहीत. सगळे गप्प उभे असतात. लोहारकी, एकदा या इकडे.

अनघा

दादा, मी सोलापूरला मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. फ्लॅटहेड तापतं असं सगळीकडे वाचलं, पण का तापतं हे कुणी नीट सांगत नाही. आणि एवढा गंज घरी कसा काढलात? सँडब्लास्टिंग केलं का?

लोहारकी (धागाकर्ता)

अनघा, चांगला प्रश्न. फ्लॅटहेडमध्ये व्हॉल्व्ह हेडमध्ये नसतात, ब्लॉकमध्ये असतात, सिलिंडरच्या बाजूला, व्हीच्या आतल्या अंगाला. हेड म्हणजे नुसतं सपाट झाकण. आता पाहा, जळलेला वायू व्हीच्या आतल्या बाजूला बाहेर पडतो, पण एक्झॉस्ट पाइप आहेत बाहेरच्या बाजूला. मग तो वायू जाणार कुठून? ब्लॉकच्या पोटातून, सिलिंडरांच्या मधून, आजूबाजूच्या पाण्याला तापवत. मधल्या दोन सिलिंडरांना तर मिळून एकच वाट, म्हणून एका बाजूला चार सिलिंडर असूनही पाइप तीनच दिसतात. इंजिनातून बाहेर जायला हवी ती उष्णता रेडिएटरच्या माथी पडते. त्याच तापाने व्हॉल्व्ह सीट आणि सिलिंडरच्या मधल्या भागात चिरा पडतात. जुना ब्लॉक विकत घेताना पहिल्यांदा बघायची जागा ती.

माझ्या ब्लॉकची चुंबकीय तपासणी करून घेतली. लोखंडाला चुंबकत्व देऊन वर बारीक लोहकण टाकतात, चीर असेल तिथे कणांची रेघ उभी राहते. दोन ठिकाणी रेघ दिसली. एक व्हॉल्व्ह सीटजवळ, एक हेडच्या बोल्टच्या भोकाजवळ. दोन्ही दुरुस्त होण्याजोग्या.

गंजाचं म्हणशील तर पत्र्यावर सँडब्लास्टिंग मी करत नाही. मोठे सपाट पत्रे, म्हणजे दार, छत, वाळूच्या माऱ्याने वाकतात आणि मग ते सरळ करणं महाकठीण. लहान भागांना धुण्याचा सोडा टाकलेल्या पाण्यात बुडवून बॅटरी चार्जरचं ऋण टोक भागाला, धन टोक टाकाऊ लोखंडी पट्टीला. पट्टी स्टेनलेस स्टीलची कधीही वापरू नकोस, पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं. हायड्रोजन निघतो, म्हणून उघड्यावर करायचं आणि जवळ ठिणगी नको. मोठ्या भागांसाठी गुरांच्या खाद्याच्या दुकानातली मळी. एक भाग मळी, नऊ भाग पाणी, आणि दोन-तीन आठवडे विसरून जायचं. गंज सुटतो, चांगलं लोखंड शाबूत राहतं. ॲल्युमिनियम किंवा जस्ताचा भाग मात्र त्यात टाकलास तर तो खाल्ला जाईल.

करवीरकर

मळीचं नाव काढलंस आणि आम्ही गप्प बसू व्हय! भावा, आमच्याकडं कारखान्याची मळी अशी सहज मिळत नाही, उत्पादन शुल्क खात्याचा परवाना लागतो. पण गुऱ्हाळावरची काकवी कुणीबी देतंय. खाणारी काकवी त्यात घालायला जीव होत नाही, तरी खराब झालेली, तळाची मागितली तर मिळती. आमच्या शेडमधी जुन्या किर्लोस्कर इंजिनाचे भाग आम्ही असंच साफ केलेत. वास लई मारतो, पिंप घरापास्नं लांब ठेवायचं.

आता कामाचं बोलतो. मी शिरोलीत फौंड्रीत हाय, ब्लॉक आणि हेडच ओततो. तुझ्या इंजिनाचं वर्णन वाचून एकच सांगतो, तापण्याचं निम्मं कारण ब्लॉकमधली वाळू असणार. पाण्याचा जॅकेट पोकळ ठेवायला साच्यात वाळूचा कोअर, म्हंजी गाभा, बसवत्यात. तो मोडू नये म्हणून आत तारा असत्यात. लोखंड ओतून थंड झालं की कोअर फोडून वाळू बाहेर काढायची. पण तू म्हणतोस तशी एक्झॉस्टची वाट जॅकेटच्या मधनं गेली असंल तर आत कोपरे किती झाले बघ. एकात एक कोअर. फेटलिंगवाल्याचा, म्हंजी ओतीव माल साफ करणाऱ्याचा, हात पोचत नाही तिथं वाळू भाजून दगड होऊन बसती. वर सत्तर वर्षांचा गंज. पाणी फिरणार कुठनं? नुसतं केमिकलच्या टाकीत उकळून ती निघायची नाही. वेल्च प्लग (ब्लॉकच्या भोकांवरची पत्र्याची झाकणं) सगळे काढ, जाड तार वाकवून आकडे कर आणि प्रत्येक भोकातनं खरवड. मग हवा मार. पुन्हा खरवड. ब्लॉक उलटासुलटा करून हातोडीनं हलकं हलकं ठोक, वाळू खुळखुळती का कान लावून ऐक. मशिनिंग करायच्या आधी हे कर, नंतर केलंस तर ती वाळू नव्या बेअरिंगमधी जाईल.

लोहारकी (धागाकर्ता)

करवीरकर, तुमच्या सांगण्यावरून आकडे केले. मागच्या दोन सिलिंडरांच्या मधून मूठभर काळी, खड्यासारखी वाळू निघाली आणि तिच्यात गंजलेली तारही होती, बोटभर लांब, टोकाला अजून वाळूचा गोळा चिकटलेला. फोर्डच्या नदीकाठच्या रूज कारखान्यात कुणीतरी कोअरमध्ये घातलेली ती तार. इथले अनुभवी लोकही ब्लॉक खरवडायला सांगतात, पण असं का होतं हे ओतणाऱ्याकडूनच कळलं. मनापासून आभार.

टर्नर_चिंचवड

मी चाळीस वर्षं लेथवर आणि बोअरिंगवर काढली, आता निवृत्त आहे. ओतीव लोखंडाच्या चिरेला वेल्डिंग करायच्या भानगडीत पडू नका. पूर्ण ब्लॉक भट्टीत तापवून, हळूहळू थंड करायची सोय असेल तरच ते टिकतं, नाहीतर शेजारी नवी चीर पडते. थंड टाके घाला. चिरेच्या दोन्ही टोकांना भोक पाडून ती तिथेच थांबवायची, मग चिरेवर एकमेकांत थोडे शिरणारे आटेदार पिन ओळीने बसवायचे, घासून सपाट करायचे. व्हॉल्व्ह सीटजवळ असेल तर वर नवी सीट ठोकली की काम पक्कं.

बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, किती वाढवणार? मूळ ३ आणि ३/१६ इंच आहे ना? आधी भिंतीची जाडी अल्ट्रासोनिकने मोजून घ्या. जुन्या ओतकामात कोअर सरकलेला असतो, एकीकडे भिंत जाड, एकीकडे पातळ.

लोहारकी (धागाकर्ता)

काका, मूळ तेवढंच. मापं चांगली आली, म्हणून ३ आणि ५/१६ पर्यंत जाणार. त्यावर फोर्डच्याच मर्क्युरी गाडीचा क्रँक घेतला आहे. फोर्डचा स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ३ आणि ३/४ इंच, १९४९ नंतरच्या मर्क्युरीचा ४ इंच, आणि तो याच ब्लॉकमध्ये सरळ बसतो. दोन्ही मिळून २७६ घनइंच होतात, म्हणजे साडेचार लिटर. त्या काळच्या पोरांचं हे आवडतं माप. बोअरिंग आणि बॅलन्सिंग मात्र बाहेरून, घरी ते होणार नाही. सगळ्या गाडीत सर्वांत मोठा खर्च तिथेच आहे. इंजिन जोडताना हेडच्या प्रत्येक बोल्टला सीलंट लावावं लागतं, कारण बोल्टची भोकं पाण्याच्या जॅकेटमध्ये उघडतात. हे न करता बसवलेलं इंजिन बोल्टच्या कडेने पाझरतं आणि माणूस उगाच गॅस्केटला दोष देतो.

अनघा

गाडीची ताकद दुप्पट-तिप्पट होणार, मग ब्रेक आणि फ्रेम १९३० ची कशी पुरेल?

लोहारकी (धागाकर्ता)

पुरणार नाही, आणि हाच विषय मला सर्वांत जास्त कळकळीने मांडायचा होता. इंजिन दिसतं, ऐकू येतं, म्हणून सगळे आधी त्याच्या मागे लागतात. माझा क्रम आधी ब्रेक, मग स्टिअरिंग, मग फ्रेम, त्यानंतर इंजिन आणि रंग सर्वांत शेवटी.

मॉडेल एला चारही चाकांना ब्रेक होते, पण कांड्यांनी ओढले जाणारे. फोर्डने हायड्रॉलिक ब्रेक १९३९ मध्ये आणले. त्यामुळे १९३९ ते ४८ च्या ड्रम ब्रेकना हॉट रॉडवाले पहिल्यापासून पसंती देतात. मी ते घेतले, पण मास्टर सिलिंडर मूळ घेतला नाही. त्यात पुढच्या-मागच्या चारही चाकांना मिळून एकच सर्किट असतं. एक रबरी होज फुटला की पेडल थेट जमिनीला. मी दोन सर्किटवाला आधुनिक मास्टर सिलिंडर फ्लोअरखाली बसवलाय. काही कट्टर मंडळींना ते खटकतं. मला नाही खटकत. गाडीत माझी मुलगी बसणार आहे. सीटबेल्टही लावणार, आणि त्यांचे बोल्ट पत्र्यात न घेता फ्रेमला जोडलेल्या पट्टीत घेणार.

पेट्रोल टाकी हलवली तीही याच कारणाने. मॉडेल एची टाकी काउलमध्ये, समोरच्या काचेच्या खाली, बसणाऱ्याच्या गुडघ्यांपुढे असते. पेट्रोल स्वतःच्या वजनाने कार्ब्युरेटरला उतरतं, पंप लागत नाही. १९३० साली ती हुशारीच होती. पण समोरून धडक बसली तर टाकी मांडीवर येते. आता ती मागे, पंपासकट.

फ्रेम इंग्रजी सी अक्षराच्या आकाराची आहे, एका बाजूने उघडी. उघड्या बाजूला आतून पट्टी वेल्ड करून ती बंद पेटी केली. एकदम सलग वेल्डिंग केलं तर रूळ, म्हणजे फ्रेमची लांब बाजू, पिळतो. म्हणून इंचभर इथे, इंचभर दुसऱ्या टोकाला, मग थंड होऊ द्यायचं. कर्णाची मापं दर थोड्या वेळाने टेपने तपासायची.

घरी काम करणाऱ्यांसाठी तीन गोष्टी, यात हयगय नको. जुन्या ब्रेक शूच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असतं, ती धूळ हवेने उडवू नका, ओली करून पुसा आणि कापड पिशवीत बांधून टाका. ब्रेक क्लीनरच्या डब्यावर क्लोरीनयुक्त असं लिहिलं असेल तर तो फवारलेल्या भागाला वेल्डिंग करू नका. त्या वाफेतून फॉस्जीन वायू तयार होतो, तो जीवघेणा आहे. आणि जुनी पेट्रोल टाकी कितीही वर्षं रिकामी असली तरी तिला टॉर्च लावू नका.

सह्यभटक

माझ्या काकांची लिलावात घेतलेली जुनी जीप नाशिकला पडून आहे. हे वाचून हात शिवशिवतायत. भारतात असं काही करता येईल का? दुसरं इंजिन, वेगळे ब्रेक, बॉडी कापून?

दक्षिणमुंबईकर

याचं उत्तर मी देतो, कारण या वाटेने जावं लागलंय. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलापासून फारकत घेणारा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ च्या निकालात हे स्पष्ट केलंय. इंजिन बदलायचं तरी आरटीओची परवानगी आधी घ्यावी लागते. फ्रेम आणि बॉडी कापलेली गाडी रस्त्यावर काढणं विसरा. मात्र जीप ५० वर्षांहून जुनी असेल आणि मूळ स्वरूपात असेल तर २०२१ च्या नियमांखाली व्हिंटेज म्हणून नोंदणी होते. शुल्क २०,००० रुपये, नंबरात 'व्हीए' अक्षरं येतात. रोजच्या वापराला ती चालत नाही, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल-दुरुस्ती एवढ्यासाठीच. तेव्हा जीप मूळ रूपात उभी करा. कागदपत्रं आधी शोधा, पाना नंतर उचला.

लोहारकी (धागाकर्ता)

दमुंकाकांना पूर्ण अनुमोदन. कागद इथेही आधी. मॉडेल एचा नंबर इंजिनावर ठोकलेला असायचा आणि तोच फ्रेमच्या डाव्या रुळावर, बॉडीखाली झाकलेला. माझ्या गाडीचं इंजिनच गेलेलं, त्यामुळे बॉडी उचलून, रुळावरचा गंज हळूच काढून नंबर वाचता आल्यावरच मी व्यवहार केला.

माणदेशी

धागा सुरुवातीपासून वाचतोय. आमच्या गावी विहिरीवर आजोबांनी युद्धानंतर लिलावात घेतलेल्या लष्करी ट्रकचं इंजिन पंपाला जोडलं होतं. ते अजून शेडमध्ये आहे, वडील त्याला 'फोर्ट' म्हणतात. आठ सिलिंडर आहेत एवढं नक्की. भंगारवाला दोनदा येऊन गेला. हे तुमच्यातलंच असेल का? कसं ओळखायचं?

लोहारकी (धागाकर्ता)

माणदेशी, भंगारवाल्याला थांबवा! युद्धकाळात कॅनडात बनलेले फोर्डचे लष्करी ट्रक भारतात मोठ्या संख्येने आले होते आणि त्यांच्यात हेच फ्लॅटहेड असायचं, २३९ घनइंची, ९५ अश्वशक्तीचं. ओळखायला आधी एका हेडवरचे नट मोजा. २१ असतील तर १९३८ च्या आधीची घडण, २४ असतील तर नंतरची. मग रेडिएटरची नळी हेडवर कुठे बसते ते पाहा. मधोमध असेल तर १९४८ पर्यंतचं, पुढच्या टोकाला असेल तर १९४९ नंतरचं. वॉटर पंप दोन असतील, ते हेडला लागलेत की ब्लॉकला? हेडला असतील तर १९३६ पर्यंतचं.

माणदेशी

वडिलांना फोन लावून मोजायला लावले. एका बाजूला २४. नळ्या मधोमध. पंप खाली ब्लॉकला. इंजिन फिरत नाही, जाम आहे.

लोहारकी (धागाकर्ता)

म्हणजे बहुतेक लष्करी ट्रकचंच. जाम आहे म्हणून लोखंडी पहार लावून फिरवू नका, पिस्टन रिंगा आणि क्रँक दोन्ही जातील. आठही स्पार्क प्लग काढा. ॲसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरचं तेल निम्मंनिम्मं मिसळून प्रत्येक भोकात थोडं थोडं घाला आणि प्लगच्या जागी कापडाचे बोळे बसवा. जवळ विडी-काडी नको. आठवडाभर दोन दिवसांआड पुन्हा घालत राहा. मग समोरच्या पुलीला लांब पाना लावून मागे-पुढे, अगदी हलका जोर देऊन पाहा. हलत नसेल तर हेड काढावं लागेल. गंजलेले नट तापवून त्यावर मेणबत्ती टेकवा, वितळलेलं मेण आट्यांत शिरतं आणि नट सुटतो. स्टड तुटला तर तिथेच थांबा आणि इथे फोटो टाका. टर्नरकाका पुण्यातून सांगतीलच, करवीरकर तर तुमच्यापासून दोन-तीन तासांवर आहेत.

करवीरकर

रविवारी मोकळा हाय. गावाचं नाव व्यनि (खासगी निरोप) कर, आकडे आणि हवेचा कॉम्प्रेसर मी घेऊन येतो.